रेसिडेन्सीच्या रोस्टरमध्ये सायकल शर्यतीची तयारी कशी बसवायची? (नवी मुंबई / ठाणे)

रात्रपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न नेमका आहे, म्हणून आकडे आधी मांडतो.

सर्जरीची रेसिडेन्सी, पहिलं वर्ष. रुग्णालय आणि हॉस्टेल दोन्ही नेरुळ भागात. दर चौथ्या दिवशी इमर्जन्सी ड्युटी: सकाळी ८ ला सुरू, सुटका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५-६ ला. मधले दोन दिवस सकाळी ७ ते रात्री ८. रविवारी इमर्जन्सी किंवा पोस्ट-इमर्जन्सी (तिच्या नंतरचा दिवस) आली नाही, तर तो रविवार मोकळा.

लक्ष्य: जानेवारीच्या मध्यावरची ७० किमीची मास-स्टार्ट (सगळे एकदम सुटतात ती) शर्यत, बहुतेक सपाट, एक-दोन छोटे चढ. आज ऑक्टोबरचा पहिला आठवडा. वजन ६६ किलो, एफटीपी (साधारण तासभर टिकणारी कमाल ताकद) २२० वॅट (२० मिनिटांची चाचणी, त्याचे ९५%). ॲल्युमिनियमची रोड बाईक, २८ मिमी टायर, खोलीत व्हील-ऑन स्मार्ट ट्रेनर (मागचं चाक रोलरवर टेकवून जागच्या जागी चालवायचं यंत्र). बाहेर पॉवर मीटर नाही, ठोके मोजणारा छातीचा पट्टा आहे.

तयार प्लॅन सगळे मंगळ-गुरु-शनि-रवि या हिशोबाने असतात आणि या रोस्टरवर दोन आठवड्यांत मोडतात. दिवसांची मांडणी, पोस्ट-इमर्जन्सीच्या दिवशी काय करावं, आणि ड्युटीत खाण्याचं काय, या तिन्हींवर लिहा. "झेपत नसेल तर सोडून द्या" हा सल्ला नको आहे.

सराव_वही

आठवडा धरून आखणं हीच पहिली चूक. तुमचं चक्र ४ दिवसांचं, आठवडा ७ दिवसांचा. दोन्ही २८ दिवसांनी जुळतात. २८ दिवसांत ७ इमर्जन्सी, आणि प्रत्येक वार एकदाच इमर्जन्सीला येतो. म्हणजे ४ रविवारांपैकी एक इमर्जन्सीत, एक पोस्टमध्ये, आणि दोन हातात. कॅलेंडर बाजूला ठेवा आणि वहीत चार रकाने आखा: इ (इमर्जन्सी), पो (पोस्ट), १, २ (मधले दोन दिवस).

इ: काही नाही.
पो: काही नाही. संध्याकाळी सुटलात की जेवण आणि झोप. ट्रेनरवर "पाय मोकळे करायला" २० मिनिटंसुद्धा नको, कारण ती २० मिनिटं झोपेतून जातात.
१: रात्री ८:३० नंतर ट्रेनरवर ४० मिनिटं, एफटीपीच्या ६०-७०% वर, म्हणजे १३२ ते १५४ वॅट. बोलता आलं पाहिजे.
२: पहाटे ५ ला उठून कठीण सत्र, वॉर्मअप धरून ५०-६० मिनिटं. पोस्टनंतर दोन पूर्ण रात्री झोप मिळालेला हा एकमेव दिवस. चार दिवसांतलं एकच कठीण सत्र, आणि ते इथेच.

मोकळा रविवार १ वर आला तर ३ तासांची लांब राइड. २ वर आला तरी लांब राइडच, त्या चक्रातलं कठीण सत्र सोडून द्यायचं.

बेरीज करून बघू. २८ दिवसांत ६ कठीण सत्रं (प्रत्येकी साधारण ६७ टीएसएस, म्हणजे सरावाच्या भाराचे गुण; एफटीपीवर एक तास म्हणजे १००), २ लांब राइड (एफटीपीच्या ०.६८ पट तीव्रतेने ३ तास म्हणजे १३९), आणि ६ हलकी सत्रं (प्रत्येकी २८). एकूण ८४८, रोजची सरासरी ३०. तास मोजले तर आठवड्याला जेमतेम ४. एवढ्यावर ३.३ वॅट प्रतिकिलोचा रायडर मुख्य गटात टिकून ७० किमी संपवू शकतो. आघाडीच्या फुटीत जाऊन तिथे टिकणं या तासांत होणार नाही. हे आधी मान्य केलंत तर शर्यतीत ताकद कुठे राखायची ते स्पष्ट राहील.

सव्वातीन महिने म्हणजे २८ दिवसांच्या तीन फेऱ्या आणि वर दोन आठवडे. कठीण सत्रात काय करायचं:

ऑक्टोबर: स्वीट स्पॉट (एफटीपीच्या जरा खालचा जोर). ३×१० मिनिटं, मग २×१५, मग २×२०. ८८-९२%, म्हणजे १९४ ते २०२ वॅट. मधे ५ मिनिटं सैल.
नोव्हेंबर: ४×८ मिनिटं, १०३-१०५% (२२७ ते २३१ वॅट), मधे ३ मिनिटं. चौथा तुकडा पहिल्याइतक्याच वॅटवर पुरा झाला पाहिजे. होत नसेल तर ५ वॅट कमी करा, तुकडा गाळू नका.
डिसेंबर: ३०/१५. ३० सेकंद जोरात, १५ सेकंद अर्ध्या ताकदीवर, असे १३ वेळा हा एक संच. संच साडेनऊ मिनिटांचा, असे ३, मधे ३ मिनिटं. १० मिनिटं वॉर्मअप आणि ५ मिनिटं उतरतं धरून ५० मिनिटांत आटपतं. पहिला संच २५० वॅटच्या आसपास धरा. मास-स्टार्टमध्ये वळणानंतर आणि चढाच्या तोंडाशी गटाचे जे तुकडे पडतात, त्यांची तयारी याने होते.

प्रत्येक फेरीच्या शेवटच्या चक्रात कठीण सत्र नाही, फक्त हलकं (त्याने वरची बेरीज थोडी उतरेल). वेगळा विश्रांतीचा आठवडा लागणार नाही, रोस्टर विश्रांती आधीच वाटून देतं. फक्त ती विश्रांती झोपेत गेली पाहिजे.

चाकोरी

मांडणी पटली, एक भर सुचवतो. इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी ८ पर्यंत वेळ असतो ना? ५:३० ते ६:१० हलकं सत्र सहज बसतं. ७ × २८ = १९६ टीएसएस वाढतात, रोजची सरासरी ३० वरून ३७. चार तासांच्या प्लॅनमध्ये ही वाढ मोठी आहे.

सराव_वही

हिशोब बरोबर आहे. पण त्या ४० मिनिटांनंतर पुढचे ३४ तास जेवणाची खात्री नाही, बसायला मिळेल याची नाही. साखरेचा साठा थोडा रिकामा करून इमर्जन्सीत शिरायचं आणि दुपारचं जेवण ४ ला मिळायचं, हा मार्ग आजारपणाकडे जातो. आदल्या रात्री ७ तास झोप झाली असेल आणि ६:३० ला पोटभर नाश्ता हातात असेल, तरच. दोन्ही अटी पाळता येणार असतील तर चाकोरी यांचं बरोबर. एकही हुकली तर झोपून राहा. शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत मात्र नकोच.

आणखी एक तपासणी रोजची: उठल्या उठल्या पडल्या पडल्या नाडी. गेल्या ७ दिवसांच्या सरासरीपेक्षा ७ किंवा जास्त ठोके वर असेल, तर कठीण सत्राचं हलकं सत्र करा. नाडी ठीक वाटली तरी वॉर्मअपमध्ये १५० वॅटला ठोके नेहमीपेक्षा १० वर गेले, तर तिथेच थांबा. राहिलेलं सत्र पुढच्या चक्रात "भरून काढू" नका. भरपाई करायला गेलं की चार दिवसांत दोन कठीण सत्रं होतात, आणि मग पूर्ण फेरी हातची जाते.

अस्थिसंधी

रात्रपाळी, पो च्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहा: रस्त्यावर सायकल नाही. खायला, औषध आणायला, सायकलच्या दुकानात, कशालाही नाही.

सलग १७ तास जागं राहिल्यावर प्रतिक्रियेचा वेग रक्तात ०.०५% अल्कोहोल असल्याइतका घसरतो, २४ तासांनंतर ०.१०% च्या जवळ जातो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३%. पोस्टचा रेसिडेंट त्या मोजमापाने मर्यादेच्या कितीतरी पुढे असतो. डुलकी तीन-चार सेकंदांची लागते आणि ती लागली हे कळतसुद्धा नाही. ताशी ३० च्या वेगाने ४ सेकंदांत ३३ मीटर जातात. पाम बीच रोडवर ३३ मीटर म्हणजे मधली लेन, आणि तिथे गाड्या ८० ने येतात.

दुसरं हातांबद्दल, कारण तुम्ही सर्जरीत आहात. पडताना हात पुढे टेकला की स्कॅफॉइड (मनगटाचं छोटं हाड), खांद्यावर पडलं की क्लॅव्हिकल (गळपट्टीचं हाड), ही सायकलस्वारांची नेहमीची फ्रॅक्चर्स. स्कॅफॉइडला प्लास्टर ६ ते १२ आठवडे. पहिल्या वर्षात तितके आठवडे ओटीबाहेर (शस्त्रक्रियागृहाबाहेर) म्हणजे टर्म वाढण्याचा धोका. त्यामुळे शर्यत निवडताना अरुंद वळणांची क्रिटेरियम (छोट्या बंद मार्गावरच्या फेऱ्यांची शर्यत) टाळा, मोकळ्या रस्त्याची मास-स्टार्ट चालेल. पूर्ण बोटांचे हातमोजे घाला.

आणि राइडनंतर करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर दुर्लक्ष करू नका. मनगटाशी अल्नर नर्व्ह (करंगळीकडची नस) दबते. सुई धरताना पकड ढिली पडली म्हणजे उशीर झाला असं समजा. बहुतेक वेळा कारण सॅडलमध्ये असतं: नाक खाली झुकलेलं असलं की शरीर पुढे घसरतं आणि भार तळहातावर येतो. लेव्हल लावून सॅडल सपाट करा. तरी बधिर होत असेल तर स्टेम (हँडल धरणारा दांडा) १० मिमी आखूड. जाड बार टेप हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. राइडमध्ये दर १० मिनिटांनी पकड बदला: हूड (ब्रेकची मूठ), वरची बार, ड्रॉप (खालचा वाकडा भाग).

सहा-सहा तास ओटीत उभं राहिल्यावर संध्याकाळी पिंढऱ्या दगड होतात, ती सायकलची थकावट नाही. १५-२० एमएमएचजीचे कॉम्प्रेशन मोजे ओटीत घाला. १ च्या रात्रीचं हलकं सत्र लगेच सोपं वाटायला लागेल.

येऊरकर

रस्त्यांबद्दल. ठाण्याहून आणि नवी मुंबईहून वेगवेगळं लिहितो, कारण वेळ कमी असताना ट्रॅफिक पार करण्यातच सगळं संपतं.

नेरुळहून: पाम बीच रोडवर वाशी-बेलापूर पट्टा साधारण १० किमी. पहाटे ५:३० ते ६:३० हीच वेळ. त्यानंतर सिग्नलला गाड्यांची रांग लागते आणि १५ मिनिटांचा सलग तुकडा मिळत नाही. डाव्या कडेला वाळू साचते, विशेषतः पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. कडेपासून हातभर आत चालवा. चढाच्या सरावाला बेलापूरचा पारसिक हिल आहे: छोटा, पण तीव्र. ३-४ मिनिटांचे तुकडे होतात.

ठाण्याहून: उपवनवरून येऊरचा चढ. ४×८ ची आवृत्ती इथे उत्तम होते, रस्ता वळणाचा आणि वाहनं कमी. वाटेत वनखात्याचं फाटक आहे, तिथल्या वेळा पाळा. उतारावर मात्र वेग नको, वळणाआडून चालणारे लोक तीन-तीनच्या रांगेत येतात. घोडबंदर रस्ता या तयारीसाठी बाद समजा: मेट्रोचं काम, अवजड वाहनं, खडी. गायमुखचा घाट कागदावर छान, प्रत्यक्षात ट्रकच्या धुरात.

मोकळ्या रविवारी लांब राइडला: पनवेलवरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोली, आणि अंगात जोर असेल तर बोर घाटात शिंगरोबा मंदिरापर्यंत जाऊन परत. खोपोलीनंतर रस्ता एकदम उभा होतो. ३४ दातांची कॅसेट असेल तर लावा, गुडघे वाचतील. एक्स्प्रेसवेवर आणि अटल सेतूवर सायकलला बंदी आहे, नकाशाचं ॲप तिकडे वळवतं म्हणून सांगून ठेवतो.

वेळ ३ तासांचीच धरा, अंतराची नाही. राउंड उरकून ११ ला निघणार असाल तर ऑक्टोबरच्या उन्हात बाहेर जाऊ नका, ती राइड दीड तासाची करून ट्रेनरवर उरका.

गिअरकेबल

हॉस्टेलमध्ये ट्रेनर चालवायचा तर दोन शत्रू: आवाज आणि घाम.

आवाज: व्हील-ऑनमध्ये मुख्य आवाज टायरचा. रस्त्याचा खडबडीत टायर काढून जुना गुळगुळीत टायर त्या चाकाला लावा. दुसरं मागचं चाक मिळालं तर उत्तम, मग दर वेळी टायर बदलत बसावं लागत नाही. खाली १०-१२ मिमी जाडीचा रबरी मॅट, लादीवर थेट नको. खालच्या मजल्यावर कंपन जातं ते ट्रेनरच्या पायांतून, आवाजातून नाही. पहाटे ५ ला शेजारच्या खोलीत कोणी पोस्टचं झोपलेलं असेल, त्याची झोप तुमच्या सत्राइतकीच मोलाची आहे.

वॅट खरे हवेत तर: टायरमध्ये दर वेळी एकच हवा (समजा ९० पीएसआय), रोलरचा दाब दर वेळी सारख्याच फेऱ्यांनी, आणि १० मिनिटं चालवून टायर तापल्यावर स्पिन-डाऊन (ट्रेनरचं कॅलिब्रेशन). थंड टायरवर कॅलिब्रेशन केलं तर नंतर १०-१५ वॅटची चूक सहज येते आणि ४×८ उगाच अवघड किंवा उगाच सोपं होतं.

अर्ग मोड (ट्रेनर ठरवलेले वॅट स्वतः धरून ठेवतो) स्वीट स्पॉट आणि ४×८ साठी ठीक. ३०/१५ ला बंद करा. ट्रेनरला नवा भार लावायला काही सेकंद लागतात, १५ सेकंदांच्या विश्रांतीत तो उतरेपर्यंत पुढचा जोर सुरू होतो. त्या सत्राला रेझिस्टन्स मोड लावा आणि गिअरने खेळा. अर्गमध्ये पाय मंदावले की ट्रेनर भार वाढवतो, पाय आणखी मंदावतात आणि शेवटी पॅडल अडकतं. ८५ च्या खाली कॅडन्स (मिनिटाला पॅडलच्या फेऱ्या) जायला लागली की लगेच गिअर हलका करून फिरवा.

पंखा: छताचा पुरत नाही. पेडेस्टल पंखा समोरून, छातीच्या उंचीवर, पूर्ण वेगाने. नवी मुंबईच्या दमटपणात घाम सुकत नाही, आणि पंख्याशिवाय त्याच वॅटला ठोके मिनिटागणिक चढत जातात. मग नाडीवरून घेतलेला निर्णय चुकतो.

घाम: हँडलपासून सॅडलपर्यंत टॉवेल ताणून बांधा. घामाचं मीठ स्टेमच्या बोल्टमध्ये आणि हेडसेटमध्ये उतरतं. तीन महिन्यांनी ॲलन की घातली की बोल्टचं डोकं गोल होतं. दर महिन्याला स्टेमचे बोल्ट एकेक करून काढा, पुसा, ग्रीस लावा, ५ न्यूटन-मीटरने (किंवा स्टेमवर छापलेल्या आकड्याने) परत आवळा.

रात्रपाळी

फार उपयोगी. खाण्याचं कोणी सांगाल का? मेस रात्री १० ला बंद होते, इमर्जन्सीत जेवण कधी ४ ला, कधी नाहीच. शर्यतीत बाटलीत ओआरएस चालेल का? वॉर्डात हाताशी असतो.

पोटोबा

ओआरएस जुलाबासाठी बनवलेला आहे. लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम, म्हणजे शर्यतीच्या दृष्टीने जवळपास काहीच नाही. दोन तासांच्या शर्यतीत तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत, ती ओआरएसने भागवायची तर तासाला साडेचार लिटर प्यावं लागेल.

घरची बाटली: ७५० मिली पाण्यात ६० ग्रॅम साधी साखर, मीठ १.५ ग्रॅम (चहाचा पाव चमचा, यातून सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम), अर्धं लिंबू. साखर वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने ९० ग्रॅम पडली की पोटात कळ येते. साखरेच्या रेणूत अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज असतं, म्हणून निव्वळ ग्लुकोजच्या पावडरीपेक्षा पोटाला सोसते. ७० किमीला अशा दोन बाटल्या. खिशात एक केळं राखीव (मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम). शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा पिऊ नका, डिसेंबरच्या प्रत्येक लांब राइडला हीच बाटली वापरा. राइड संपली की बाटली लगेच धुवा. बॅगेत रात्रभर राहिली की झाकणाच्या रबरात काळी बुरशी धरते.

शर्यत ६:३० ला असेल तर ४ ला खाणं: १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे पोहे, तेल आणि शेंगदाणे हात राखून, सोबत केळं. कर्बोदकं १०० ग्रॅमच्या आसपास होतात, ६६ किलोला पुरेशी. मिसळ परतल्यावर.

आता इमर्जन्सी. एप्रनच्या खिशात दर वेळी तीच यादी: राजगिऱ्याच्या दोन चिक्क्या, मूठभर फुटाणे, सहा-सात खजूर. ६ तासांत जेवण मिळालं नाही की हे संपवायचं, भूक लागण्याची वाट बघायची नाही. रात्री १० नंतरसाठी मेसमधून २ पोळ्या आणि भाजी आधीच डब्यात भरून घ्या. भात नको, खोलीच्या तापमानाला रात्रभर राहिला की पोट बिघडवतो.

प्रथिनं दिवसाला सुमारे १०५ ग्रॅम (१.६ ग्रॅम प्रतिकिलो). मेसच्या वरणातून होत नाहीत. ५० ग्रॅम सोया चंक्स म्हणजे साधारण २६, १०० ग्रॅम पनीर १८, अंडं ६. हे तिन्ही हॉस्टेलमध्ये मिळतात.

वजन कमी करायच्या भानगडीत या तीन महिन्यांत पडू नका. ड्युटीत जेवण चुकतंच, वर मुद्दाम कमी खाल्लं की सर्दी-खोकला लागून राहतो आणि सत्रं बुडतात. पायऱ्या चढताना दम लागत असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि डी व्हिटॅमिन तपासा, रक्त काढायला तुम्हाला कुठे जावं लागत नाही.

चहा-कॉफी: कॅफिन निम्मं उतरायला ५ तासांच्या आसपास लागतात. पोस्टच्या दुपारी ३ ला घेतलेली कॉफी रात्री ८ ला अजून अर्धी अंगात असते, आणि ती रात्र सर्वात महत्त्वाची. पोस्टला सकाळी १० नंतर कॉफी बंद.

पामबीच_पहाट

पंक्चरचं कोणी लिहिलं नाही, आणि तुमच्या ५० मिनिटांत पंक्चर म्हणजे सत्र गेलं.

ठाणे-बेलापूर रोड आणि जेएनपीटीकडच्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त पंक्चर काचेने नाही, तारेने होतात. ट्रकचे रेडियल टायर फाटले की त्यातल्या केसासारख्या पोलादी तारा रस्त्यावर पसरतात. अशी तार टायरमध्ये घुसली की बाहेरून दिसत नाही. बोटाने चाचपलं तरी लागत नाही, कारण टायर मोकळा असताना ती आत सरकते. नवी ट्यूब घातली, हवा भरली, की दहा मिनिटांत पुन्हा बसते. लोक ट्यूबला दोष देतात.

उपाय: टायर काढून आतल्या बाजूने कापसाचा बोळा फिरवा. तार असेल तिथे धागे अडकतात. टायर त्या जागी उलटा वाकवा, तारेचं टोक वर येतं, भुवयांच्या चिमट्याने आतून ओढा. बाहेरून ढकलू नका, मोडते आणि अर्धी आत राहते. व्हॉल्व्हच्या जागेशी टायरचा लोगो लावायची सवय ठेवा, म्हणजे ट्यूबच्या भोकावरून टायरमधली जागा सापडते.

पिशवीत: दोन ट्यूब, दोन लिव्हर, चिमटा, कापूस, छोटा पंप, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी). एवढंच.

हवा: ६६ किलो आणि २८ मिमीला पुढे ६८, मागे ७२ पीएसआय पुरे. ९० भरून काही वेग वाढत नाही, पाम बीचच्या पुलांच्या जोडांवर हात मात्र झिणझिणतात. अस्थिसंधी यांनी सांगितलेली करंगळी इथूनही बधिर होते.

चाकोरी

चेनवर वेळ जातो त्याचं: मेणाची चेन करून बघा. ५०० ग्रॅम पॅराफिन स्लो कुकरमध्ये वितळवायचं, तेल पूर्ण धुतलेली चेन त्यात अर्धा तास बुडवायची, वाळवायची. दोन चेन ठेवा, ३०० किमीला अदलाबदल. दर राइडनंतर पुसत बसावं लागत नाही. पावसात भिजली तर त्याच दिवशी कोरडी करा, नाहीतर रात्रीत गंजते. चेन चेकरवर ०.५ दिसलं की बदलायची, कॅसेट वाचते.

तिसरं_वर्ष

रजेबद्दल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत वर्षाला किमान २० दिवस कॅज्युअल रजा आणि आठवड्याची एक सुट्टी आहे (सुट्टी कामाच्या निकडीवर अवलंबून), हजेरी ८०%. शर्यतीसाठी दोन दिवस आत्ताच लिहून मागा, जानेवारीत सगळ्यांनाच लग्नं असतात.

रजेपेक्षा महत्त्वाची इमर्जन्सीची अदलाबदल. शर्यतीचा रविवार तुमच्या चक्रात २ वर आला पाहिजे, म्हणजे इमर्जन्सी गुरुवारी, शुक्रवारी पोस्ट. शुक्रवार आणि शनिवार या दोन पूर्ण रात्री मिळतात. इमर्जन्सी शुक्रवारी आली तर एकच रात्र, शनिवारी आली तर शर्यत सोडा. आत्ताच वही उघडून जानेवारीपर्यंत चार-चार मोजत जा आणि सहकाऱ्याशी अदलाबदल ठरवा. बदल्यातली ड्युटी शर्यतीच्या आधी फेडा. शर्यतीत खरचटलं तरी देणं शिल्लक राहत नाही, आणि पुढच्या वेळी मागायला तोंड राहतं.

जिल्हा रेसिडेन्सीचे तीन महिने तिसऱ्या ते पाचव्या सत्रात येतात. तिथलं रोस्टर वेगळं असतं, पुढच्या हंगामाची आखणी करताना ते धरा.

घाटवाट

डॉक्टरांना जमतं का अशी शंका ज्यांना आहे त्यांच्यासाठी: नाशिकचे महाजन बंधू, दोघेही डॉक्टर, त्यांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात रेस अक्रॉस अमेरिका (अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओलांडायची सायकल शर्यत) पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली.

सराव_वही

घाटवाट, अभिमान वाटावा असंच आहे. पण रात्रपाळी यांनी तो सराव उचलू नये. अल्ट्रा शर्यतीत कमी झोपेत चालवत राहण्याची तयारी करावी लागते, ७० किमीच्या मास-स्टार्टला ताजे पाय लागतात. बीआरएमचंही (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या राइडचं) तेच: २०० किमी साडेतेरा तासांत करणं छान आहे, पण या तीन महिन्यांतला एक मोकळा रविवार आणि त्यानंतरचं चक्र त्यात जाईल.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. पहिलं चक्र असं लिहिलं आहे: इमर्जन्सी मंगळवारी, बुधवार काही नाही, गुरुवारी रात्री ४० मिनिटं १४० वॅट, शुक्रवारी पहाटे ३×१० १९४ वॅट. इमर्जन्सीच्या सकाळचं सत्र सध्या नाही. शर्यतीचा रविवार मोजला तर १ वर येतोय, एका सहकाऱ्याशी बोलून डिसेंबरमध्ये एक इमर्जन्सी पुढे-मागे करतो आहे. शेवटच्या दोन आठवड्यांत काय करायचं?

सराव_वही

शेवटचे १० दिवस वेळ निम्मा, जोर तोच. ३०/१५ चे ३ संच न करता १ संच, हलकं सत्र ४० ऐवजी २५ मिनिटं, लांब राइड नाही. शनिवारी सकाळी ३० मिनिटं हलकं, त्यात एक-एक मिनिटाचे ३ जोर, आणि नंबर घ्यायला दुसऱ्या कोणाला पाठवा.

एक शंका राहिली. २२० ची चाचणी चक्राच्या कोणत्या दिवशी घेतली होती? पोस्टनंतरच्या पहिल्या दिवशी घेतली असेल तर आकडा कमी आलेला असू शकतो, आणि मग १९४ वॅट स्वीट स्पॉट राहत नाही, नुसतं टेम्पो (मध्यम जोर) होतं. या शुक्रवारी ३×१० ऐवजी २० मिनिटांची चाचणी पुन्हा घ्या: १० मिनिटं वॉर्मअप, स्पिन-डाऊन, ५ मिनिटं जोरात, १० मिनिटं सैल, मग २० मिनिटं. नवा आकडा इथे टाका, तिन्ही महिन्यांचे वॅट त्यावरून परत लिहून देतो.